गोचिडीच्या पोटातलं बिऱ्हाड

(ही या आठवड्याच्या एपिसोडची लिखित आवृत्ती. बोलताना मध्येमध्ये येणारे ‘म्हणजे’ आणि ‘अं’ तेवढे कापलेत. घाटात रेंज जात असेल तर ऐकण्यापेक्षा वाचणं सोपं पडेल.)



आजचा विषय एका व्हॉइस नोटमुळे ठरला. आपला एक श्रोता मूळचा दोडामार्ग तालुक्यातला, सध्या नोकरीसाठी पुण्यात. त्याची आई काजूच्या दिवसांत रोज सकाळी बी गोळा करायला बागेत जाते. बाग आणि जंगल यांच्यामध्ये एक गडगा, तोही अर्धा पडलेला. परवा फोनवर बोलता बोलता आई म्हणाली, “पायाला गोचीड लागली होती, काढून टाकली.” आईसाठी विषय तिथे संपला. मुलाची मात्र झोप उडाली.

त्याचे प्रश्न दोन. एक, गोचीड चावली म्हणजे माकडताप होणारच का? दोन, काजूवर घर चालतं, त्यामुळे “जाऊ नकोस” असं आईला सांगता येत नाही. मग सांगू तरी काय?

पहिल्या प्रश्नाचं छोटं उत्तर आहे: नाही, प्रत्येक गोचिडीत माकडताप नसतो. पण का नसतो, हे समजून घ्यायचं तर गोचिडीच्या आत शिरावं लागतं. आणि आत शिरलो की कळतं, तिथे ती एकटी राहत नाही. अख्खं बिऱ्हाड आहे.

आधी माकडतापाबद्दल

१९५७ सालची गोष्ट. कर्नाटकात, तेव्हाच्या म्हैसूर राज्यात, शिमोगा जिल्ह्यातल्या क्यासनूर जंगलात माकडं मरून पडायला लागली. पाठोपाठ आसपासच्या गावांतली माणसं तापाने आजारी पडली. तपासाला गेले ते पुण्याच्या व्हायरस रिसर्च सेंटरचे शास्त्रज्ञ. हीच संस्था आज एनआयव्ही, म्हणजे राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्था म्हणून आपल्याला माहीत आहे. कोविडमध्ये हे नाव रोज ऐकलंय आपण.

सुरुवातीला सगळ्यांना धास्ती होती पिवळ्या तापाची. कारण दक्षिण अमेरिकेत पिवळा ताप येतो तेव्हाही जंगलातली माकडं अशीच मरतात. पण व्हायरस वेगळा करून पाहिला तर तो निघाला रशियाच्या जंगलात गोचिडींमधून पसरणाऱ्या मेंदूज्वराच्या व्हायरसचा नातेवाईक. म्हणजे पसरवणारा डास नव्हता, गोचीड होती. जंगलाच्या नावावरून आजाराला नाव मिळालं क्यासनूर फॉरेस्ट डिसीज, थोडक्यात केएफडी. आपल्याकडे लोक म्हणतात माकडताप.

बरीच वर्षं हा आजार कर्नाटकातल्या ठरावीक भागातच सापडत होता. मग सह्याद्रीच्या कडेकडेने तो दुसरीकडेही दिसायला लागला. केरळात वायनाड, गोव्यात सत्तरी तालुका, आणि २०१६ मध्ये आपल्या सिंधुदुर्गात दोडामार्ग तालुका. पुढच्याच वर्षी सावंतवाडी तालुक्यात बांदा परिसर. सत्तरीत आणि दोडामार्गात आजारी पडलेल्यांमध्ये काजूच्या बागेत राबणारी माणसं होती. म्हणून व्हॉइस नोटमधली काळजी उगाच नाही.

ताप अचानक आणि जोराचा येतो. डोकं फुटेल असं दुखतं, अंग ठेचल्यासारखं होतं, उलट्या-जुलाब होतात, काहींना हिरड्यांतून किंवा नाकातून रक्त येतं. बहुतेक जण बरे होतात. काहींना मात्र ताप उतरून आठवडा-दोन आठवडे गेल्यावर दुसरा झटका येतो. त्यात मान आखडणं, हातापायांना कंप, गोंधळल्यासारखं होणं असे त्रास होतात. साधारण १०० रुग्णांमागे ३ ते ५ जण दगावतात. व्हायरस मारणारं खास औषध नाही. वेळेत ॲडमिट होणं, शरीरातलं पाणी टिकवणं आणि रक्तस्रावावर लक्ष ठेवणं यावरच सगळं अवलंबून आहे.

आयुष्यात फक्त तीन जेवणं

आता गोचीड. माकडताप पसरवणारी मुख्य गोचीड आहे हिमाफायसॅलिस स्पायनिजेरा. गुरांच्या कानात बसलेली फुगलेली, करड्या वाटाण्यासारखी गोचीड आपण सगळ्यांनी पाहिलीय. ती झाली पोटभर जेवलेली मोठी गोचीड. पण माणसाला चावते ती बहुतेकदा तिची लहानपणची आवृत्ती. तिला निम्फ म्हणतात. आकार तिळापेक्षाही लहान. पायावर बसली तर मातीचा ठिपका वाटावा.

ही गोचीड आयुष्यात मोजून तीन वेळा जेवते. अंड्यातून बाहेर पडते तेव्हा सहा पायांची लार्वा असते. ती उंदीर, पक्षी, माकड असं काहीतरी गाठते, पोटभर रक्त पिते आणि खाली पडते. पातेऱ्यात कात टाकते आणि आठ पायांची निम्फ होते. दुसरं जेवण, पुन्हा खाली, पुन्हा कात. मग मोठी होऊन गुरांवर किंवा गवा-सांबरासारख्या मोठ्या जनावरांवर तिसरं जेवण. मादी त्यानंतर अंडी घालते आणि मरते.

आता व्हायरस यात कुठे शिरतो ते बघा. लार्वाने पहिलं जेवण आजारी माकडाच्या किंवा उंदराच्या अंगावर घेतलं, तरच व्हायरस तिच्या पोटात जातो. कात टाकली तरी तो तिच्यात टिकतो आणि निम्फ झाल्यावर दुसऱ्या जेवणाच्या वेळी पुढच्या प्राण्याच्या रक्तात उतरतो. तो पुढचा प्राणी माणूस असेल तर माणसाला ताप. पहिलं जेवण निरोगी उंदरावर झालं असेल, तर त्या निम्फकडे द्यायला व्हायरस नसतोच.

म्हणून मेलेल्या माकडाची जागा सगळ्यात धोक्याची. माकड आजारी असताना त्याच्या अंगावर शेकडो गोचिडी व्हायरससकट पोट भरतात, आणि त्या सगळ्या त्याच परिसरात गळून पडतात. आरोग्य खातं या जागांना हॉटस्पॉट म्हणतं ते यासाठी. डिसेंबर ते मे हा निम्फचा हंगाम. काजूचा हंगामही याच महिन्यांत. गोठ्यासाठी पातेरा गोळा करायचा तोही याच दिवसांत. माणूस आणि निम्फ यांची गाठ इथे पडते.

आईकडून आलेले भाडेकरू

इथपर्यंत गोचीड म्हणजे एक सिरिंज वाटते. इकडून व्हायरस ओढला, तिकडे सोडला. पण सिरिंज जिवंत नसते, गोचीड असते. आणि जिवंत प्राण्याला पोषण लागतं.

विचार करा, जन्मभर फक्त रक्तावर राहायचं. रक्तात प्रोटीन भरपूर, लोहही भरपूर. पण बी गटातली जीवनसत्त्वं अगदीच कमी, आणि गोचिडीला ती स्वतः बनवता येत नाहीत. मग ती जगते कशी?

तिने घरात स्वयंपाकी ठेवलेत. गोचिडीच्या पेशींमध्ये राहणारे बॅक्टेरिया तिला ही जीवनसत्त्वं बनवून देतात. हे बॅक्टेरिया कुणाच्या रक्तातून येत नाहीत, आईच्या अंड्यातून मुलीकडे येतात. वारशाने. १९२५ मध्येच ई. व्ही. काउड्री या शास्त्रज्ञाने मायक्रोस्कोपखाली पाहून लिहून ठेवलं होतं की, गोचिडींमध्ये पिढ्यानपिढ्या चालत येणारे आणि आजाराशी संबंध न दिसणारे सूक्ष्मजीव आहेत. ते काय काम करतात, याचा पुरावा मात्र खूप उशिरा मिळाला.

२०१८ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध झाला. आफ्रिकेतली एक मऊ पाठीची गोचीड घेतली, ऑर्निथोडोरस मोबाटा. तिच्यात फ्रान्सिसेला जातीचे बॅक्टेरिया राहतात. अँटिबायोटिक देऊन ते काढून टाकले. गोचिडींची वाढ अडली, कात टाकणं बिघडलं. मग त्यांना रक्तातून तीन जीवनसत्त्वं दिली: बायोटिन, रायबोफ्लेविन आणि फोलेट. वाढ पुन्हा सुरू झाली! स्वयंपाकी नसला तरी डबा मिळाला, म्हणून जगल्या.

दुसरा प्रयोग आपल्या विषयाच्या आणखी जवळचा आहे. पूर्व आशियात हिमाफायसॅलिस लाँगिकॉर्निस नावाची गोचीड असते. आपल्या माकडतापाच्या गोचिडीची ही चुलतबहीण म्हणा, एकाच वंशातली. तिच्यात कॉक्सिएला गटातला बॅक्टेरिया राहतो. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसलं की, हा बॅक्टेरिया जो कच्चा माल पुरवतो त्यापासून गोचीड सेरोटोनिन बनवते, आणि सेरोटोनिन कमी झालं की ती रक्त कमी पिते. म्हणजे पोटातला भाडेकरू मालकिणीच्या भुकेपर्यंत पोचलाय.

आणि हे फॅन्ससाठी: युरोपातल्या एका गोचिडीत असा बॅक्टेरिया आहे, जो पेशींच्या आतल्या मायटोकाँड्रियात घुसून राहतो. त्याचं नाव मिडिक्लोरिया. हो, स्टार वॉर्समधल्या मिडिक्लोरियनवरूनच. शास्त्रज्ञांनी त्यासाठी जॉर्ज लुकासची परवानगी काढली होती.

स्वयंपाकी आणि चोर एकाच घराण्यातले

इथे एक गंमत आहे, आणि थोडी भीतीही. फ्रान्सिसेला हे नाव डॉक्टरांना माहीत असतं ते टुलेरेमिया या आजारामुळे. कॉक्सिएला हे नाव माहीत असतं क्यू फीव्हरमुळे, जो गुराढोरांकडून माणसाला होतो. म्हणजे गोचिडीचे स्वयंपाकी आणि माणसाला आजारी पाडणारे जंतू एकाच घराण्यातले आहेत. जनुकांचा अभ्यास सांगतो की, क्यू फीव्हरचा बॅक्टेरिया गोचिडीत शांतपणे राहणाऱ्या पूर्वजांमधूनच आलेला असावा. तिसरं घराणं रिकेट्सियाचं. त्यातले काही गोचिडीत निमूट राहतात आणि काही माणसाला टिक टायफस देतात. भारतातही देतात.

म्हणून लॅबच्या रिपोर्टमध्ये ‘गोचिडीत रिकेट्सिया सापडला’ असं आलं म्हणजे लगेच आजार सापडला असं नाही. कोणता रिकेट्सिया, हे बघावं लागतं. तो घरचा आहे की बाहेरचा, यावर सगळं ठरतं.

आणि आपलं काय? आपल्या कातडीवर स्टॅफिलोकोकससारखे बॅक्टेरिया सुखाने राहतात. आपल्याला त्यांचा एरवी काही त्रास नाही. पण गोचिडीच्या आत शिरले तर ते तिला मारू शकतात. म्हणून तिच्या लाळेत आणि आतड्यात त्यांना मारणारं एक प्रोटीन असतं. गंमत म्हणजे त्या प्रोटीनचा जीन तिच्या पूर्वजांनी लाखो वर्षांपूर्वी बॅक्टेरियांकडूनच उचललाय. तिच्या दृष्टीने घाणेरडे आपण आहोत.

पाहुण्याला खोली कशी मिळते

आता मुख्य मुद्दा. बाहेरून आलेल्या रोगजंतूला या भरलेल्या घरात जागा मिळते की नाही, हे आधीपासून राहणाऱ्यांवर अवलंबून असतं का?

याचा सगळ्यात नीट अभ्यास झालाय अमेरिकेत, लाइम आजारामुळे. कनेटिकट राज्यातल्या लाइम गावाचं नाव या आजाराला मिळालंय. अमेरिकेच्या ईशान्य भागात राहणाऱ्या आपल्या मराठी मंडळींना हा शब्द नवा नाही. ट्रेकवरून आलं की मुलांचे पाय तपासणं तिथे सवयीचं आहे. हा आजार होतो बोरेलिया नावाच्या स्प्रिंगसारख्या बॅक्टेरियामुळे आणि पसरवते काळ्या पायांची गोचीड.

येल विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१४ मध्ये दाखवलं की, या गोचिडीच्या आतड्यातल्या बॅक्टेरियांची घडी विस्कटली, तर आतड्याच्या आतला पातळ पडदा आणखी पातळ होतो. मग बोरेलियाला तिथे बस्तान बसवणं कठीण जातं. कारण बोरेलिया त्या पडद्याच्या आडोशाने राहतो. पलीकडे ताजं रक्त पचत असतं, त्यापासून पडदा त्याला वाचवतो.

आता त्याच गोचिडीतला दुसरा जंतू घ्या, अॅनाप्लाझ्मा. त्याला हाच पडदा अडचणीचा, कारण त्याला पलीकडे पेशींमध्ये शिरायचंय. तो काय करतो? गोचिडीलाच एक प्रोटीन जास्त बनवायला लावतो. हे प्रोटीन एरवी तिला थंडीत गोठण्यापासून वाचवतं. ते वाढलं की आतड्यातल्या बॅक्टेरियांचा चिकट थर बिघडतो, पडदा ढिला पडतो आणि अॅनाप्लाझ्मा आत घुसतो.

म्हणजे भिंत एकच. एकाला आडोसा, दुसऱ्याला अडथळा. म्हणून ‘चांगले बॅक्टेरिया वाढवा, रोग पळवा’ असं दह्याच्या जाहिरातीसारखं सोपं गणित इथे चालत नाही. कोणती गोचीड, कोणता जंतू, हे आधी विचारावं लागतं. आणि हे प्रयोग बॅक्टेरियांवरचे आहेत. माकडताप व्हायरसचा आहे. त्यामुळे येलचा निष्कर्ष उचलून थेट दोडामार्गला लावता येणार नाही.

आणखी एक सावधगिरी. गोचिडीचा चुरा करून त्यातला सगळा डीएनए वाचला की शेकडो बॅक्टेरियांची नावं येतात. पण त्यातले बरेच तिच्या पाठीवरचे, मातीतले, कधी लॅबच्या केमिकलमधलेही असतात. आतमध्ये कायम राहणारं बिऱ्हाड पुष्कळदा फार लहान असतं. यादी लांब दिसली म्हणून प्रत्येक जण घरचा नव्हे.

या माहितीचं करायचं काय?

पहिली कल्पना डोक्यात येते ती अँटिबायोटिकची. स्वयंपाकी मारा, गोचीड उपाशी! पण त्यासाठी गावातल्या सगळ्या गुरांना अँटिबायोटिक चारावं लागेल. दुधात ते उतरेल आणि औषधाला दाद न देणारे जंतू तयार होतील. रोगापेक्षा उपाय भयंकर.

दुसरी कल्पना जास्त हुशारीची आहे: लस. गोचीड रक्त पिते तेव्हा रक्तातल्या अँटिबॉडीही तिच्या पोटात जातात. १९९० च्या दशकात ऑस्ट्रेलिया आणि क्युबात गुरांसाठी अशी लस बाजारात आली, जिच्यामुळे गाईच्या अँटिबॉडी गोचिडीच्या आतड्यावरच हल्ला करतात. आता फ्रान्समधले संशोधक एक पाऊल पुढे गेलेत. त्यांनी उंदरांना अशी लस दिली की अँटिबॉडी गोचिडीच्या पोटातल्या बॅक्टेरियांवर जातील. तिथली घडी बदलली आणि प्रयोगातल्या गोचिडींमध्ये बोरेलियाचं प्रमाण कमी झालं. हे अजून लॅबमध्ये आहे. पण दिशा लक्षात घ्या. यात जंगल जाळायचं नाही, सगळीकडे औषध फवारायचं नाही, फक्त आतल्या घरातली मांडणी बदलायची.

माणसांसाठी माकडतापाची एक जुनी लस कर्नाटकात अनेक वर्षं दिली जात होती. तिचा परिणाम कमी पडतोय असं दिसल्यावर २०२२ मध्ये तिचा वापर थांबला. म्हणजे आज या क्षणी भिस्त आहे ती साध्या गोष्टींवर.

तर मित्रा, आईला हे सांग

एक. बागेत जाताना पूर्ण बाह्यांचा शर्ट, पायजमा किंवा लेगिंग मोज्यात खोचून, जमल्यास गमबूट. कपडे फिक्या रंगाचे, म्हणजे ठिपका चालताना दिसतो. आरोग्य केंद्रात गोचीड दूर ठेवणारं तेल मिळत असेल तर ते उघड्या अंगाला लावायचं. डेपा नावाचं असं औषध आपल्याच डीआरडीओच्या ग्वाल्हेरच्या प्रयोगशाळेने शोधलंय.

दोन. पातेऱ्यावर थेट बसायचं नाही, तिथे टेकून डुलकी काढायची नाही. घरी आल्यावर कपडे खुंटीला न टांगता गरम पाण्यात. अंघोळ करताना गुडघ्यामागे, जांघेत, काखेत, कानामागे, कमरेच्या नाडीखाली हात फिरवून बघायचं.

तीन. गोचीड चिकटलेली दिसली तर बारीक टोकाच्या चिमट्याने कातडीच्या अगदी जवळ धरायची आणि सरळ वर ओढायची. रॉकेल, चुना, काडीचा चटका यातलं काही नको. नखाने चिरडायची तर मुळीच नाही. मग साबणाने हात आणि ती जागा धुवायची.

चार. “आत्ताच लागली होती, काही होत नाही” असं गृहीत धरायचं नाही. लाइममध्ये बोरेलियाला आतड्यातून लाळेपर्यंत यायला वेळ लागतो, म्हणून तिथे पहिल्या दिवसात गोचीड काढली तर धोका बराच कमी होतो. व्हायरसला तेवढी सवड लागतेच असं नाही. माकडतापाच्या व्हायरसचा एक अमेरिकन नातेवाईक उंदरांवरच्या प्रयोगात १५ मिनिटांत पोचलाय. दिसली की काढायची.

पाच. पुढचे दहा-बारा दिवस लक्ष ठेवायचं. ताप आला तर डॉक्टरांना स्वतःहून सांगायचं, “मी जंगलाकडच्या बागेत जाते, गोचीड लागली होती.” हे एक वाक्य फार मोलाचं आहे. कारण ताप टिक टायफसचा असेल तर तो बॅक्टेरियाचा, त्यावर डॉक्सिसायक्लिन छान काम करतं. माकडतापावर ते चालत नाही. तिथे रक्ताची तपासणी आणि हॉस्पिटल लागतं. वरून दोन्ही ताप सारखेच दिसू शकतात. अंगदुखीसाठी ॲस्पिरिन किंवा आयब्युप्रोफेन मनाने घ्यायचं नाही, रक्तस्राव वाढू शकतो.

सहा. मेलेलं माकड किंवा वानर दिसलं तर जवळ जायचं नाही, हात लावायचा नाही, फोटोसाठीही नाही. आशाताईंना, आरोग्य केंद्राला किंवा वनविभागाला कळवायचं. त्या एका फोनमुळे तिथे औषध मारता येतं, आणि दुसऱ्या दिवशी त्याच वाटेने बी वेचायला येणारी बाई वाचते.

आणि आईने ती गोचीड काढून टाकली, हे तिने बरोबरच केलं. फक्त यापुढे असं काही झालं की त्या दिवसाची तारीख तुला कळवू दे. तू पुण्यात बसून फोनवर तेवढी नोंद ठेवू शकतोस. दहा-बारा दिवस रोज एकच प्रश्न विचारायचा: “आये, ताप नाही ना?”

भेटू पुढच्या एपिसोडमध्ये. तोपर्यंत पाय तपासत राहा.